पोलो १.० टीएसआय: एप्रिलच्या उन्हात टिकणारी पॉवर (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी २०२५

गाडी २०२० ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअर मॅन्युअल, आपल्या चाकणला बनलेली. वॉरंटी संपली, ६२ हजार किमी झालेत, इंजिन कोरडं, कुठेही तेल नाही. कंपनीचे आकडे ११० पीएस पॉवर आणि १७५ एनएम टॉर्क, ९९९ सीसी तीन सिलिंडर. आता स्टेज वन (फक्त सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं), स्टेज टू (त्यासोबत एक्झॉस्ट, फिल्टरसारखे भागही बदलणं) करायचंय पण घाईत नाही, वर्षभर लागलं तरी चालेल, आणि प्रत्येक पायरीच्या आधी-नंतरचे लॉग (गाडीच्या सेन्सरच्या नोंदी) असायलाच हवेत.

डोक्यात एकच गोष्ट पक्की आहे. डायनोवर (चाकावरची पॉवर मोजायचं मशीन) थंड गाडीचा पहिला पुल (फुल थ्रॉटलची एक धाव) सगळ्यांचाच छान येतो, जानेवारीच्या सकाळी तर स्टॉक (काहीही न बदललेली) गाडीसुद्धा पळते. मला बघायचंय की एप्रिलमध्ये दुपारी स्वारगेटपासून कात्रजपर्यंत ट्रॅफिकमध्ये उकडून निघाल्यावर घाटात सेकंड-थर्डला गाडी किती खेचते. तिथे जी पॉवर मिळेल तीच खरी धरणार. त्यामुळे क्रम असा ठरवलाय: आधी बेसलाइन (सुरुवातीचे आकडे), मग मेंटेनन्स, मग ब्रेक आणि कूलिंग, आणि मॅप, म्हणजे ईसीयूमधली (इंजिनचा कॉम्प्युटर) फाइल, सगळ्यात शेवटी. एक ट्यूनर म्हणाला लॉग वगैरे काही लागत नाही, गाडी आण, तासाभरात फाइल टाकून देतो. त्याच्याकडे जाणार नाही.

१९ जानेवारी

बेसलाइन डायनो झाला, भोसरी एमआयडीसीच्या बाजूला. चाकावर ९७ एचपी, म्हणजे ड्राइव्हट्रेनचा लॉस धरला तर इंजिन कागदावरच्या आकड्याला जुळतंय, तब्येत चांगली आहे. सलग पुल मारत गेलो तर शेवटी ९१ वर आला. पंखा समोर लावलेला, हवा बाहेर २४ डिग्री, तरी सहा एचपी गायब. हे लिहून ठेवतोय कारण पुढे सगळी तुलना याच्याशीच करायची आहे.

लॉगमध्ये घेतोय ते चॅनल: इनटेक एअर टेंपरेचर, बूस्ट (टर्बोचं हवेचं प्रेशर) मागितलेला आणि मिळालेला, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती डिग्री उशिरा पडते), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचं), फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो), बाहेरचं हवेचं प्रेशर. फुल थ्रॉटलचे पुल फक्त डायनोवर. रस्त्यावर नुसतं नेहमीसारखं चालवून टेंपरेचर बघायचे, नवले ब्रिजच्या उतारावर गाड्या काय होतात ते आपण सगळे बघतो, तिथे आकडे काढायला जायचं नाही.

९ फेब्रुवारी

ब्रेक. पुढे डिस्क मागे ड्रम, तेच ठेवलं. पुढचे पॅड बदलले, स्टीलच्या जाळीचे होस टाकले आणि फ्लुइड पूर्ण काढून नवीन भरलं. डॉट फोर नवीन असताना २३० डिग्रीला उकळतं पण पाणी शोषल्यावर हा आकडा १५५ पर्यंत खाली येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यातून गेलेली गाडी म्हणजे फ्लुइडने दमट हवा प्यालेलीच असते. जुनं बाटलीत काढलं तर चहासारखं काळपट. पसरणी घाट उतरताना वाईच्या बाजूला पेडल जरा खोल जायचं ते आता बंद झालं. टायर १९५ रुंदीचे चांगल्या ग्रिपचे घेतले, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

२ मार्च

हा दिवस मजेचा होता. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि क्रँककेसची तेलकट वाफ त्यांच्यावर बसून बसून जळते. कॅमेरा घालून बघितलं तर व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळे खडबडीत थर, दोन नंबर सिलिंडरला सगळ्यात जास्त.

अण्णांच्या गॅरेजमध्ये इनटेक मॅनिफोल्ड काढलं. अण्णा या गाड्यांवर कितीतरी वर्षं काम करतायत, हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसते बघत बसतात. या इंजिनात इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा) वेगळा पुढे नसतो, तो मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला असतो आणि हवेवर नाही तर पाण्यावर चालतो. मॅनिफोल्ड काढायचं म्हणजे ते पाणीपण काढावं लागतं. मग अक्रोडाच्या टरफलाची पावडर हवेच्या प्रेशरने मारून एकेक पोर्ट साफ केलं, व्हॉल्व्ह बंद असलेला सिलिंडर आधी, मग क्रँक फिरवून पुढचा. पोर्टमधून निघालेली काळी भुकटी हातात घेतली तर कोळशासारखी कडक. साफ झाल्यावर व्हॉल्व्हची मूळ राखाडी धातूची चकाकी दिसली, बघून फार बरं वाटलं.

इंटरकूलरच्या आतल्या पंखांवर पण तेलाचा पातळ थर होता, तो सॉल्व्हंटने धुतला. कूलंट भरताना अण्णांनी व्हॅक्यूम लावून भरलं. मी विचारलं, "अण्णा, नुसतं ओतून गाडी चालू ठेवली तर चालत नाही का?" तर म्हणाले, "मोठ्या रेडिएटरचं चालून जाईल रे, पण इंटरकूलरची लाइन वेगळी आहे, तिथे हवा अडकली की पंप नुसता फिरत राहतो आणि पाणी जागचं हलत नाही. मग तू म्हणशील मॅप खराब आहे."

प्लग पण नवीन. जुन्या प्लगचा रंग तिन्हींचा सारखा, फिकट तपकिरी, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर ठीक. नवीन प्लगचा गॅप ०.७ मिमी ठेवला, बूस्ट वाढला की मोठ्या गॅपवर ठिणगी विझायला लागते.

६ एप्रिल

पाडवा झाला आणि ऊन एकदम वाढलं. ज्या लॉगची वाट बघत होतो तो आज मिळाला. बाहेर ३८ डिग्री, दुपारी अडीच, स्वारगेट ते कात्रज चौक सरकत सरकत, मग जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत. मॅप अजून स्टॉकच.

सिग्नलला इनटेक टेंपरेचर ७१ वर गेलं. घाटात गाडी चालायला लागल्यावर कमी व्हायला पाहिजे, झालं पण फार हळू, बोगदा आला तरी ६० च्या खाली नाही. आणि थर्ड गिअरला जरा पाय दिला की दोन नंबर सिलिंडरला ५ डिग्रीपर्यंत टायमिंग मागे, एक आणि तीनला ३ च्या आसपास. ईसीयूला नॉक (मिक्श्चरचा काही भाग आपोआप पेटल्याचा ठोका) ऐकू आला की तो इग्निशन उशिरा करतो आणि पॉवर तिथेच जाते. म्हणजे फॅक्टरीच्या मॅपवरसुद्धा गाडी उन्हात स्वतःची पूर्ण पॉवर देत नाहीये! यावर अजून बूस्ट चढवला तर ती गरम हवा अजून गरम होणार, टायमिंग अजून मागे जाणार, आणि कागदावर स्टेज वन असलेली गाडी घाटात स्टॉकसारखीच चालणार.

पुढे तुलना करताना नुसतं टेंपरेचर बघून उपयोग नाही, कारण बाहेरची हवाच बदलते. म्हणून बाहेरच्यापेक्षा किती वर हा आकडा धरतोय. आज ट्रॅफिकमध्ये ३३ डिग्री वर.

१३ एप्रिल

बंपर काढला. इंटरकूलरच्या पाण्याचा छोटा रेडिएटर एसीच्या कंडेन्सरबरोबर पुढेच असतो. त्याची अवस्था बघून मला सगळं कळलं. खालच्या भागात चिखल सुकून पंखांमध्ये सिमेंटसारखा बसलेला, वर किडे, बाभळीची पानं, आणि एका कोपऱ्यात दगड लागून पंख चपटे झालेले. साधारण एक तृतीयांश भागातून हवा जातच नव्हती. अण्णा म्हणाले, "बघ, मॅपचे पैसे इथे अडकलेत."

पुढून प्रेशर मारला तर चिखल अजून आत जातो, म्हणून मागून पुढे, कमी प्रेशरने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चपटे पंख कंगव्याने एकेक सरळ केले, त्याला सगळी दुपार गेली. मग रेडिएटरच्या बाजूंना जी फट असते, जिथून हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते, तिथे फोमच्या पट्ट्या लावल्या. इलेक्ट्रिक पंप स्कॅनरवरून चालवून बघितला, पाईपला हात लावला की प्रवाह जाणवतो, पंप ठीक आहे.

२० एप्रिल

तोच रस्ता, साधारण तीच वेळ, बाहेर ३९. ट्रॅफिकमध्ये बाहेरच्यापेक्षा २३ वर, आणि घाटात चालायला लागल्यावर चांगलं भराभर उतरलं. दोन नंबरचं टायमिंग आता अडीच-तीन डिग्रीच मागे जातंय. एक रुपयाची पॉवर विकत न घेता गाडी घाटात मोकळी झाली, पायाला कळतं. स्टेज वनच्या आधी हे करायला सगळ्यांनाच सांगेन, मुंबई-बेंगळुरू हायवेची धूळ खाणाऱ्या प्रत्येक गाडीत हेच निघणार.

११ मे

पेट्रोलवर थोडं. आता पंपावर साधं पेट्रोल म्हणजे ई२० च, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, दुसऱ्या बाजूने बघितलं तर तेवढ्याच हवेत इंधन जास्त टाकावं लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, ई१० चं साधारण १४.१, ई२० चं साडेतेराच्या आसपास. लॉगमध्ये लाँग टर्म ट्रिम अधिक चार-पाच टक्के दिसतोय तो यामुळेच, लीक वगैरे काही नाही. ॲव्हरेज कमी पडतं ते पण यामुळे.

इथेनॉलचा फायदा पण आहे, नॉकला चांगला टिकतो आणि वाफ होताना सिलिंडरमधली हवा थंड करतो. पण हाय प्रेशर पंपाला जास्त इंधन ढकलावं लागतं, म्हणून वरच्या आरपीएमला रेल प्रेशर पडतंय का यावर लक्ष ठेवणं भाग आहे. गाडी २०२० ची, ई२० साठीच्या मटेरियलच्या गाड्या २०२३ पासूनच्या, म्हणून रबरी फ्युएल होस प्रत्येक सर्व्हिसला बघायचे आणि फुगलेले वाटले तर लगेच बदलायचे. मॅप मी प्रीमियम पेट्रोलवर करून घेणार पण मार्जिन असं ठेवायचं की सोलापूर साइडला कुठे साधंच मिळालं तरी काळजी नको. शंभर ऑक्टेनवर घासून बसवलेला मॅप डायनोला छान दिसतो, पण ते पेट्रोल पुण्यातसुद्धा मोजक्याच पंपांवर मिळतं, गाडी मात्र सगळीकडे जाते.

२५ मे

मे मध्येच धो धो पाऊस, उन्हाळ्याचे लॉग संपले. ऑइल बदललं, एपीआय एसपी ग्रेडचं. या छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना कमी आरपीएमला जास्त लोड दिला की ठिणगीच्या आधीच मिक्श्चर पेटायची भीती असते, पिस्टन फुटू शकतो. एसपी ग्रेड आणताना त्याची टेस्ट धरलेली आहे. ऑइलइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाचव्या-सहाव्या गिअरला १४०० आरपीएमवर पाय दाबायचा नाही, गिअर उतरवायचा.

१५ जून

स्टेज वन. ट्यूनरशी आधीच बसून बोललो, लॉग सगळे दिले, त्याने पण तासभर मन लावून बघितले. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, २२०० आरपीएमच्या खाली टॉर्क फार वाढवायचा नाही. दोन, कमाल टॉर्क साधारण २०५ एनएमवर थांबवायचा. कारण गिअरबॉक्स एमक्यू२०० आहे, नावातला २०० म्हणजे एनएमचाच वर्ग, आणि स्टॉक क्लच पण त्याच हिशोबाचा. बाजारात याच गाडीला याच्या कितीतरी वर टॉर्कच्या फाइली मिळतात, सुरुवातीला सीटला पाठ चिकटते म्हणून लोक खूश होतात, पण चौथ्या गिअरला क्लच सुटायला लागला की ती मजा संपते. मला टॉर्कचा डोंगर नकोय, सपाट पठार पाहिजे जे वरच्या आरपीएमपर्यंत पुरेल.

रिझल्ट: चाकावर ११९ एचपी, १८५ एनएम. सगळ्यात मोठा फरक चार हजारच्या वर, जिथे स्टॉक गाडी दमायची तिथे आता खेचत राहते. रेल प्रेशर मागितलं तेवढं मिळतंय, दोन नंबर सिलिंडर शांत. सलग पुल मारल्यावर ११३. हवा २६ डिग्री होती म्हणून एवढ्यावर राहिलं.

इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवलं. अपघात झाल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

६ जुलै

पाऊस आणि ताम्हिणी, सगळीकडे पाणी, गाडीपेक्षा माणसं जास्त. चालवायला काही वाव नाही, ओल्या रस्त्यावर सेकंडला चाकं फिरतात एवढं मात्र कळलं. थ्रॉटल मॅप जरा मऊ करून घ्यायचा.

३ ऑगस्ट

महाबळेश्वरला जाऊन आलो, उंचीचा लॉग मिळाला. हा भाग मला स्वतःला फार आवडतो. समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर १०१३ मिलिबार, पुण्यात गाडी ९४५ च्या आसपास दाखवते, वर महाबळेश्वरला ८६५. टर्बोच्या गाडीला उंचीचा फरक पडत नाही असं म्हणतात कारण ईसीयू मॅनिफोल्डमधलं प्रेशर तेवढंच ठेवतो. पण ते फुकट मिळत नाही. समजा मॅनिफोल्डला २.२ बार पाहिजे, तर मुंबईत टर्बोला हवा २.१७ पट दाबावी लागते, पुण्यात २.३३ पट, महाबळेश्वरला २.५४ पट. तेवढा तो जास्त वेगाने फिरतो, तेवढी हवा जास्त तापते. म्हणजे मुंबईत बनवलेली, मुंबईत टेस्ट केलेली फाइल पुण्यात टाकली तर टर्बो आधीच जास्त राबतोय. माझ्या लॉगमध्ये वर गेल्यावर बूस्ट मागितलेल्यापेक्षा थोडा कमी मिळाला, ईसीयूने स्वतःहून मर्यादा घातली, आणि तसंच व्हायला पाहिजे. ती मर्यादा फाइलमध्ये काढून टाकणारे ट्यूनर आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

१४ सप्टेंबर

गणपती झाले, रस्ते मोकळे झाले, स्टेज टूचं सामान लागलं. नाना पेठेत क्लॅम्प, गॅस्केट, सिलिकॉन होस सगळं एका फेरीत मिळतं, ही पुण्याची खरी श्रीमंती.

डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) मोठा पण कॅटसकट, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट. २०० सेलचा मेटल कॅट, स्टॉकपेक्षा मोकळा, तरी कॅट आहे. विदाउट कॅट दोन-तीन एचपी जास्त मिळतील, ते मला नकोत. पीयूसीचा आणि कायद्याचा प्रश्न आहेच, पण आपण याच शहरात सिग्नलला टू-व्हीलरवाल्यांच्या तोंडासमोर सायलेन्सर धरून उभे असतो, लहान पोरं असतात पुढे बसलेली. कच्चा धूर सोडून मिळवलेली पॉवर मला घ्यायची नाही आणि यावर माझं मत बदलणार नाही.

एअर फिल्टर: उघडा कोन लावला नाही. त्याचा आवाज मस्त येतो, पण तो बॉनेटच्या आतली गरम हवा ओढतो. स्टॉकच्याच डब्यात जास्त फ्लोचा फिल्टर टाकला, आणि पुढून हवा घेणारी नळी तशीच ठेवली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंटरकूलरचा रेडिएटर जाड कोअरचा बनवून घेतला. रेडिएटरवाल्या काकांनी जुना समोर ठेवून मापं घेतली, ब्रॅकेट हुबेहूब जुळवले, कंडेन्सरला कुठे घासत नाही. "काका, जाड झाल्यावर मागच्या रेडिएटरला हवा कमी नाही ना पोचणार?" ते म्हणाले पंख थोडे विरळ ठेवलेत, म्हणून जाडी वाढली तरी हवा अडत नाही. मुख्य कूलंटचं टेंपरेचर नंतर लॉगमध्ये बघितलं, काही फरक नाही. कूलंट परत व्हॅक्यूमनेच भरलं.

२ ऑक्टोबर

दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार, अण्णांच्या गॅरेजमध्ये पान्यांची आणि स्कॅनरची पण पूजा झाली. बाकी काम बंद.

१२ ऑक्टोबर

स्टेज टूची फाइल आणि डायनो. हवा ३१ डिग्री, ऑक्टोबर हीट, म्हणजे जूनपेक्षा गरम. टॉर्कची मर्यादा तीच ठेवली. चाकावर १२५ एचपी. पहिल्या आकड्यात स्टेज वनपेक्षा सहाच जास्त, इथे कोणी म्हणेल एवढ्या खर्चात सहा? पण सलग पुल मारत गेलो आणि शेवटच्याला १२२ आला. जूनमध्ये थंड हवेत ११९ चे ११३ झाले होते, आता पाच डिग्री जास्त गरम हवेत फक्त तीन गेले. गरम गाडीची गरम गाडीशी तुलना केली तर फरक नऊचा. जानेवारीच्या स्टॉक ९१ शी धरला तर एकतीस.

फाइल आणि त्याच्याबरोबर स्टॉक फाइल, दोन्ही पेनड्राइव्हवर आणि मेलवर ठेवल्या. पीयूसी काढलं, कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या खूप खाली.

९ नोव्हेंबर

कात्रजचा जुना घाट, दुपारीच, बाहेर ३१. ट्रॅफिकमध्ये बाहेरच्यापेक्षा १६ वर, घाट लागल्यावर दोन वळणांत १० वर आलं. दोन नंबर सिलिंडर जास्तीत जास्त दीड डिग्री मागे. थर्डला बोगद्यापर्यंत गाडी एकसारखी खेचत गेली, वर पोचल्यावर पण तोच दम.

स्टेज थ्री म्हणजे मोठा टर्बो, मग क्लच, मग गिअरबॉक्स, मग आतले रॉड. या गाडीला ते करणार नाही. उरलेली कामं: डाउनपाइपचे बोल्ट हजार किमीवर परत टाइट करायचे, फोमच्या पट्ट्या एका बाजूला सुटल्यात त्या नवीन लावायच्या, मार्चमध्ये बंपर काढून रेडिएटर धुवायचा आणि एप्रिलमध्ये ४० डिग्रीला हाच लॉग परत घ्यायचा.